तेथवर मोजायला गेले कोण?

पौषातील अमावस्येची रात्र आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगावात जेवणखाणे आटोपली आहेत. शिवारात कोठे कोठे रात्रीच्या विजेच्या पाळीने हरभऱ्याला पाणी देणे चालू आहे. गावातले दिवे मागे पडले की तेथील आकाश शहरात राहणाऱ्यांस खरे वाटू नये इतके दाट भरलेले दिसते. डोक्यावर कृत्तिकांचा झुबका, त्याच्या पूर्वेस तांबूस रोहिणी, पुढे मृग, मृगाच्या पाठीशी लखलखणारा व्याध आणि दक्षिणेस खाली अगस्त्य. पुण्याहून सुटीस आलेला एखादा नातू ओट्यावर बसून आजोबांस सांगू लागतो, "आबा, त्या व्याधाचा उजेड इथपर्यंत यायला साडेआठ वर्षांहून जास्त लागतात, आणि कृत्तिकांचा तर चारशे चाळीस वर्षं!" आजोबा सारे ऐकून घेतात आणि शांतपणे विचारतात, "ते खरं असन, बापू. पण तेथवर मोजाले गेलं कोण?"

नातू गप्प बसतो. आकडा त्याला पाठ असतो. परंतु तो आकडा आला कोठून, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आजोबांचा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे समजून कोणी हसेल, तर ते हसणे अस्थानी होईल. शेताच्या बांधावरून ज्यांनी जन्मभर वाद ऐकले, साखळी टाकून जमीन मोजताना पाहिली, त्यांस मोजणाऱ्याचे नाव विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. ज्या आकड्यामागची मोजणी सांगता येत नाही, तो आकडा कितीही मोठा असला तरी ती ऐकीव गोष्टच होय. म्हणून ताऱ्यांची अंतरे किती, या प्रश्नाआधी ती मोजतात कशी, याचा विचार केला पाहिजे.

त्याचा आरंभ घरबसल्या होतो. श्रोत्यांनी एक हात लांब करून अंगठा उभा धरावा आणि समोरच्या भिंतीवरील एखाद्या खिळ्याच्या रेषेत आणावा. प्रथम उजवा डोळा मिटून पाहावे, मग डावा. अंगठा जागचा हलत नाही, तरी तो भिंतीवर इकडून तिकडे उडी मारल्यासारखा दिसतो. अंगठा डोळ्यांच्या जवळ आणला तर उडी मोठी होते; दूर नेला तर लहान होते. पाहण्याची जागा बदलल्यामुळे जवळची वस्तू दूरच्या पार्श्वभूमीवर जी सरकल्यासारखी दिसते, त्या सरकण्याला ज्योतिषात लंबन म्हणतात. दोन डोळ्यांमधील अंतर ठाऊक असेल आणि उडी किती अंशांची ते मोजता आले, तर अंगठा किती दूर आहे हे फूटपट्टी न लावता सांगता येते. आकाशातील अंतरांचे सारे शास्त्र या एका अंगठ्यावर उभे आहे, असे म्हटले तरी चालेल.

हीच युक्ती विदर्भाच्या भूमीवर दोनशे वर्षांपूर्वी वापरली गेली. विल्यम लॅम्बटन याने 1802 साली मद्रासजवळ साखळ्यांनी एक सरळ रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजली. पुढे त्या मोजलेल्या रेषेच्या दोन्ही टोकांहून दूरच्या टेकडीकडे पाहून कोन घेतले, त्यांवरून टेकडीचे अंतर काढले, आणि त्या नव्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभारला. असे त्रिकोणामागून त्रिकोण रचीत ही मोजणी दक्षिणेकडून उत्तरेस सरकत आली. ते काम चालू असतानाच 1823 साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्बटनचा अंत झाला. ज्या डोंगरांची अंतरे त्याने दिली, त्या प्रत्येकापर्यंत साखळी ओढीत कोणी गेले नव्हते. पाया साखळीने मोजला होता. बाकीचे काम कोनांनी केले. आजोबांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथेच आहे. टोकाशी जाण्याची गरज नसते. आपल्या पायाखालची रेषा मात्र अचूक मोजावी लागते.

आकाशात याच रीतीने प्रथम हाती आला तो चंद्र. सूर्यग्रहण एका गावी जसे व जेव्हा दिसते, तसे व तेव्हाच ते दूरच्या दुसऱ्या गावी दिसत नाही, कारण चंद्र जवळ आहे आणि पाहणाऱ्याची जागा बदलली की तो सरकलेला दिसतो. ग्रहणाची वेळ नेमकी सांगायची तर हे लंबन हिशेबात धरावेच लागे, आणि आपल्या सिद्धांतकारांनी ते धरले होते. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या आणि शके 1036 म्हणजे इसवी सन 1114 मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत पृथ्वीचा व्यास सुमारे 1,581 योजने आणि चंद्राचे मध्यम अंतर 51,566 योजने दिले आहे. म्हणजे चंद्र पृथ्वीच्या व्यासाच्या साडेबत्तीस पट दूर. आजची मोजणी सांगते की तो सुमारे तीस पट, म्हणजे सरासरी 3,84,400 किलोमीटर दूर आहे. दुर्बीण नसताना, डोळा आणि गणित एवढ्याच सामग्रीवर आलेले हे उत्तर खरोखर अभिमानास्पद आहे.

परंतु त्याच ग्रंथात सूर्याचे अंतर 6,89,377 योजने आहे. म्हणजे चंद्राच्या फक्त सव्वातेरा-साडेतेरा पट. वस्तुस्थिती अशी आहे की सूर्य चंद्रापेक्षा जवळजवळ 390 पट दूर आहे. एवढ्या कुशल गणितज्ञाची गफलत कोठे झाली? गफलत गणितात नव्हती. ती गृहीतात होती. सर्व ग्रह आपापल्या कक्षेत रोज सारखीच योजने चालतात, असे सिद्धांतकार धरून चालत. तसे धरले की चंद्राच्या अंतरावरून इतर सर्वांची अंतरे त्रैराशिकाने निघतात. मोजण्याची वेगळी गरजच उरत नाही. प्रत्यक्षात जो ग्रह सूर्यापासून जितका दूर, तितका तो हळू चालतो. सूर्याचे लंबन इतके सूक्ष्म आहे की नुसत्या डोळ्याला ते कधीच दिसले नसते. त्यामुळे गृहीताची चूक दाखवून देणारा साक्षीदार त्या काळी उपलब्ध नव्हता. मोजलेला चंद्र जवळपास बरोबर आला आणि गृहीत धरलेला सूर्य चुकला, ही गोष्ट या विषयात पदोपदी उपयोगी पडणारी आहे.

सूर्याचे अंतर पुढे सापडले ते आडवाटेने. केप्लरने 1619 साली ग्रहांच्या भ्रमणकाळाचा व अंतराचा संबंध मांडला. त्यामुळे ग्रहांची अंतरे एकमेकांच्या प्रमाणात ठाऊक झाली. मंगळ सूर्यापासून पृथ्वीच्या दीडपट दूर आहे एवढे कळले. पण मूळ एक भाग म्हणजे किती कोस, हे कळेना. एखाद्या नकाशावर सर्व गावे बरोबर काढलेली असावीत आणि प्रमाणपट्टी तेवढी फाटून गेलेली असावी, तशी ती अवस्था होती. 1672 साली मंगळ पृथ्वीजवळ आला असता कॅसिनीने पॅरिसहून आणि रिशेरने दक्षिण अमेरिकेतील केयेन येथून त्याचे वेध घेतले. पृथ्वीच्या पाठीवरील हजारो किलोमीटरची ती रेषा म्हणजे त्या वेळचे दोन डोळे. त्यावरून सूर्याचे अंतर सुमारे 14 कोटी किलोमीटर निघाले. पुढे शुक्राची सूर्यबिंबावरील अधिक्रमणे आणि विसाव्या शतकात शुक्रावर रेडिओ-लहरी आपटवून घेतलेले प्रतिध्वनी यांनी ते सुधारले. आज पृथ्वी व सूर्य यांमधील मध्यम अंतराचे परिमाण 14 कोटी 95 लाख 97 हजार 870.7 किलोमीटर असे ठरलेले आहे. सूर्याचा प्रकाश ते अंतर 8 मिनिटे 19 सेकंदांत तोडतो.

एवढी रेषा हाती आल्यावर माणसाला ताऱ्यांकडे पाहण्याचा धीर झाला. पृथ्वी आज जेथे आहे, त्याच्या बरोबर समोर ती सहा महिन्यांनी जाते. म्हणजे एकाच माणसाला सुमारे 30 कोटी किलोमीटर अंतरावर ठेवलेले दोन डोळे आपोआप मिळतात. पौषात एक, आषाढात दुसरा. या दोन जागांवरून जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सरकलेला दिसला पाहिजे. तो दिसेना, म्हणून पृथ्वी फिरतच नाही असे म्हणणारे मोठमोठे ज्योतिषी युरोपात होऊन गेले. तारे इतके दूर असतील, ही कल्पना त्यांस असह्य वाटली.

ते सरकणे प्रथम निश्चितपणे मोजून प्रसिद्ध केले बेसेल याने, 1838 साली. त्याने हंस नक्षत्रसमूहातील 61 क्रमांकाचा एक मंद तारा निवडला होता. त्याचे लंबन एका विकलेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही किंचित कमी भरले. विकला म्हणजे किती, याची कल्पना अशी करावी: अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे पाच किलोमीटर दूर उभे धरले, तर ते जेवढे दिसेल, तेवढी एक विकला. त्याच्या तिसऱ्या हिश्शावरून बेसेलने तारा सुमारे साडेदहा प्रकाशवर्षे दूर असल्याचे सांगितले. आजचे उत्तर 11.4 प्रकाशवर्षे आहे. प्रकाशवर्ष हे वेळेचे नव्हे, अंतराचे माप आहे. सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश एका वर्षात जे अंतर तोडतो ते, म्हणजे सुमारे 9 लाख 46 हजार कोटी किलोमीटर.

या आकड्याने डोके बधिर होते आणि बधिर डोक्यात अर्थ शिरत नाही. म्हणून तो डोणगावात मांडून पाहू जावे. गावातील एखाद्या ओट्यावर सुमारे चौदा सेंटिमीटर जाडीचा एक मोठा नारळ ठेवावा, हा सूर्य. मग पृथ्वी म्हणजे पंधरा मीटर अंतरावरचा राजगिऱ्याचा एक दाणा. चंद्र त्या दाण्यापासून चार सेंटिमीटरांवर, म्हणजे दोन बोटांच्या आत. सूर्यमालेतील शेवटचा ग्रह नेपच्यून साधारण साडेचारशे मीटरांवर, म्हणजे गावच्या शिवारातच. आता पुढचा नारळ कोठे ठेवावा? मेहकरला नव्हे, नागपूरला नव्हे, मुंबईसही नव्हे. आपला सर्वांत जवळचा शेजारी तारा मित्र या तेजस्वी ताऱ्याच्या कुटुंबातील असून तो 4.2 प्रकाशवर्षे दूर आहे. या मापाने तो चार हजार किलोमीटरांवर येतो. डोणगावाहून निघून सिंध, इराण, इराक ओलांडून सीरियाच्या मुलखात ते ठिकाण लागेल. मधल्या साऱ्या प्रदेशात दुसरा नारळ नाही. 1977 साली सुटलेले व्हॉयेजर 1 हे माणसाचे सर्वांत दूर गेलेले यान. जवळजवळ अर्धे शतक अखंड धावून ते सुमारे एक प्रकाशदिवस अंतरावर पोहोचले आहे. या मांडणीत अडीच-तीन किलोमीटर. तेव्हा तेथवर मोजायला कोणी गेले नाही, हे आजोबांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे.

अंतर वर्षांत सांगण्याचा एक लाभ असा की, ते घरच्या माणसांच्या वयांशी ताडून पाहता येते. व्याध 8.6 प्रकाशवर्षे दूर. त्याचा आज दिसणारा किरण निघाला तेव्हा घरातील तिसरीतले मूल नुकतेच जन्मले होते. श्रवण सुमारे 17 वर्षांवर. तो किरण बारावीच्या मुलाचा समवयस्क. अभिजित 25, स्वाती 37, रोहिणी सुमारे 65. म्हणजे रोहिणीचा किरण जवळपास आजोबांच्या वयाचा. चित्रेचे अंतर सुमारे 250 प्रकाशवर्षे. तिचा प्रकाश निघाला त्या सुमारास पुरंदर किल्ल्यावर सवाई माधवराव पेशवे पाळण्यात होते. कृत्तिकांचा निघाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. आणि मृगातील निळसर-पांढऱ्या राजन्याचा प्रकाश साधारण 860 वर्षांपूर्वीचा, म्हणजे भास्कराचार्यांच्या हयातीच्या आसपासचा आहे. एकाच वेळी एकाच छतावर लटकल्यासारखे दिसणारे हे दिवे निरनिराळ्या काळांतले आहेत. सप्तर्षीही एका ओळीत बसलेले नाहीत. त्यांतील मधले पाच सुमारे 80 प्रकाशवर्षांवर आहेत, तर मरीची व क्रतू हे टोकाचे दोघे शंभराच्या पलीकडे आहेत.

लंबनाची पट्टी मात्र अखेर संपते. तारा जितका दूर, तितके सरकणे सूक्ष्म. आणि एक मर्यादा अशी येते की सरकणे व मोजण्यातील चूक ही दोन्ही सारखीच होतात. तेथून पुढे दुसरी युक्ती लागते. रात्री रस्त्याने येणारा दिवा दुप्पट दूर असेल तर त्याचा उजेड निम्मा नव्हे, चौथा हिस्सा होतो. तिप्पट दूर असेल तर नववा. दिवा मुळात किती तेजाचा आहे हे ठाऊक असेल, तर दिसणाऱ्या उजेडावरून तो किती दूर आहे हे निघते. अडचण एवढीच की ताऱ्यांवर तेजाचे मापन छापलेले नसते.

ही अडचण हेन्रिएटा लेव्हिट या हार्वर्ड वेधशाळेतील विदुषीने सोडविली. वृषपर्वा तारकासमूहात एक तारा आहे. तो सव्वापाच दिवसांहून थोड्या अधिक काळात नियमाने उजळतो व मंदावतो. अशा ताऱ्यांचा एक वर्गच आहे. दक्षिण आकाशात धाकटा मॅगेलनी मेघ नावाचा ताऱ्यांचा पुंजका दिसतो. त्यातील अशा 25 ताऱ्यांचा अभ्यास करून लेव्हिटने 1912 साली दाखविले की, ज्या ताऱ्याला उजळून मंदावण्यास अधिक दिवस लागतात, तो अधिक तेजस्वी असतो. तिच्या तर्काचे मर्म डोणगावकरांस चटकन कळेल. रात्री दूरच्या उंचवट्यावरून मेहकरचे दिवे पाहिले, तर ते सर्व जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. तेव्हा त्यांत जो अधिक उजळ दिसतो तो खरोखरच अधिक तेजाचा असला पाहिजे. त्या मेघातील ताऱ्यांचेही तसेच. एकदा हा नियम सापडल्यावर घड्याळाने दिवस मोजायचे आणि त्यांवरून तेज, तेजावरून अंतर काढायचे, एवढेच राहिले.

पौषातल्या त्या रात्री वायव्येकडे, देवयानी तारकासमूहात, चांगल्या डोळ्यांच्या माणसाला एक अंधुक धुरकट ठिपका दिसतो. तो आपल्याच आकाशगंगेतील ढग आहे की आकाशगंगेबाहेरील दुसरे विश्व, हा वाद फार दिवस चालला होता. 1923 साली हबल याला त्या ठिपक्यात लेव्हिटच्या जातीचा एक तारा सापडला. त्यावरून अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे निघाले. आकाशगंगेच्या बाहेर, खूपच दूर. वाद मिटला, परंतु आकडा मिटला नाही. पुढे बाडे याने 1952 साली दाखवून दिले की असे लुकलुकणारे तारे एकाच जातीचे नसून दोन जातींचे आहेत, आणि एकीचे माप दुसरीला लावले गेले होते. एका दिवसात दूरच्या दीर्घिकांची अंतरे दुप्पट झाली. आज देवयानीचे अंतर सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे मानले जाते.

या प्रसंगावरून ध्यानात येईल की ही अंतरे म्हणजे एक शिडी आहे. पृथ्वीवरील रेषेवर सूर्याचे अंतर उभे, सूर्याच्या अंतरावर ताऱ्यांचे लंबन, लंबनावर लुकलुकणारे तारे, त्यांवर दीर्घिका. खालची पायरी एक बोट सरकली की वरच्या साऱ्या सरकतात. म्हणून शहाणे ज्योतिषी वर चढण्यापेक्षा खालच्या पायऱ्या पुनःपुन्हा ठोकून पाहण्यात आयुष्य घालवितात.

कृत्तिकांचीच हकीकत घ्यावी. ताऱ्यांच्या तेजावरून त्यांचे अंतर 430-440 प्रकाशवर्षांच्या आसपास येत असे. 1989 साली सोडलेल्या हिपार्कस या उपग्रहाने अंतराळातून लंबन मोजले आणि त्याच्या 1997 च्या यादीत कृत्तिकांचे अंतर सुमारे 390 प्रकाशवर्षेच भरले. फरक फार मोठा नव्हे, असे सामान्य माणसास वाटेल. पण तो खरा असता तर तारे कसे जळतात याविषयीचे ज्ञान तपासून पाहावे लागले असते. जवळजवळ दोन दशके वाद चालला. 2014 साली दूरदूरच्या रेडिओ-दुर्बिणी एकत्र जोडून लंबन पुन्हा मोजले, तेव्हा उत्तर 440 च्या थोडे पुढे आले. 2013 अखेरीस सोडलेल्या गाया या उपग्रहानेही तेच सांगितले. त्या उपग्रहाच्या 2022 च्या यादीत सुमारे 146 कोटी ताऱ्यांचे लंबन आहे. त्याचे वेधकार्य 2025 च्या जानेवारीत संपले. नातवाने ओट्यावर बसून जो चारशे चाळीसचा आकडा सहज उच्चारला, त्याच्या पाठीशी एवढी भांडणे व एवढी तपासणी आहे.

शिडीची सर्वांत वरची पायरी म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशपटातील रेषांचे तांबड्या रंगाकडे सरकणे. त्यास ताम्रसृती म्हणतात. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे जितके अंतर अधिक, तितकी ही सरकण अधिक. या पायरीवर महाराष्ट्रातील संशोधकही उभे आहेत. 2017 च्या जुलैत पुण्याच्या आयुका व आयसर या संस्थांतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मीन राशीच्या दिशेस दीर्घिकासमूहांचा एक प्रचंड महासमूह ओळखल्याचे जाहीर केले आणि त्यास सरस्वती असे नाव दिले. त्याचा प्रकाश येथवर येण्यास सुमारे 400 कोटी वर्षे लागली आहेत. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली, 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण आहे; तिच्या तबकड्या सुमारे 25 किलोमीटरांच्या परिसरात पसरल्या आहेत. तिने टिपलेला हायड्रोजन वायूचा एक संकेत 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेला असल्याचे 2023 च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. द्राक्षांच्या व टोमॅटोच्या मळ्यांमध्ये उभ्या असलेल्या त्या तबकड्यांनी, पृथ्वी जन्मण्यापूर्वी निघालेला निरोप ऐकला.

हे सर्व ऐकूनही आजोबा कदाचित म्हणतील, "जे हाताला लागत नाही, त्याची खात्री कशी द्यावी?" या शंकेचे उत्तर डोणगावाच्या शेजारीच आहे. तेथून लोणार दूर नाही. सकाळी निघालेला मनुष्य सरोवर पाहून संध्याकाळी घरी येतो. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा तो खळगा अवकाशातून आलेल्या अशनीने बेसाल्टच्या कातळात पाडला आहे. पूर्वी पुष्कळजण त्यास ज्वालामुखीचे मुख समजत. 1970 च्या दशकात, प्रचंड आघाताच्या दाबाने काचेत रूपांतर झालेली खनिजे तेथे सापडली आणि निर्णय लागला. आता तो आघात कधी झाला? एका पद्धतीने मोजले तर उत्तर येते 52 हजार वर्षे. दुसऱ्या पद्धतीने, सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे. दहापट अंतर! ज्या काठावर माणसे चालतात, ज्याचा दगड हातात घेता येतो, त्याच्या वयाविषयी एवढा मतभेद. आणि जेथे कोणी कधी जाणार नाही, त्या कृत्तिकांच्या अंतराविषयी मात्र शंभरात दोन-चारांचाही फरक उरलेला नाही.

यावरून एक गोष्ट उघड होते. वस्तू जवळ असली म्हणजे ती कळली असे होत नाही, आणि दूर असली म्हणजे ती अज्ञातच राहते असेही नाही. ती कळते ती निरनिराळ्या वाटांनी मोजून आलेली उत्तरे एकमेकांशी जुळली म्हणजे. कृत्तिकांच्या बाबतीत ती जुळली. लोणारच्या बाबतीत ती अजून जुळायची आहेत. भास्कराचार्यांचा चंद्र टिकला, कारण तो मोजलेला होता. त्यांचा सूर्य टिकला नाही, कारण तो धरून चाललेला होता. आणि भास्कराचार्यांविषयीचा आदर यामुळे तसूभरही कमी होत नाही. हबलचा आकडा बाडेने बदलला, उपग्रहाचा आकडा दुर्बिणींनी बदलला. ज्या विद्येत मोठ्यांच्या चुका नावानिशी व सनावळीनिशी नोंदविलेल्या असतात, त्या विद्येच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यास तेच सबळ कारण आहे.

तेव्हा सुटीस गेलेल्या नातवाने पुढच्या अमावस्येला आजोबांच्या प्रश्नापुढे गप्प बसण्याचे कारण नाही. त्याने सरळ सांगावे की, "आबा, तेथवर कोणीच गेलं नाही." आणि मग आजोबांस अंगठा उभा धरावयास सांगून, एक डोळा मिटून समोरच्या लिंबाच्या बुंध्याकडे पाहावयास लावावे, नंतर दुसरा. अंगठा सरकलेला दिसला की मोजणीची पहिली साखळी आजोबांच्या स्वतःच्या हाती आली. बाकीच्या पायऱ्या तेथून मोजीत जाता येतात. वर त्या वेळी कृत्तिका असतीलच. शिवाजी महाराजांच्या जन्मापूर्वी निघालेला त्यांचा प्रकाश ओट्यावरच्या दोघांच्याही डोळ्यांत एकाच क्षणी उतरत असेल.